अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अंतर्गत जलमार्ग : व्यापारी कालव्यापासून कौटुंबिक नौकाप्रवासापर्यंत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्याच्या नॉर्फोक बंदरापासून फ्लोरिडातील मायामीपर्यंत अटलांटिक महासागराला जवळजवळ समांतर असा एक जलमार्ग गेलेला आहे. त्याची लांबी सुमारे १,०९० मैल असून नद्या, खाड्या, उथळ खारी सरोवरे आणि त्यांना जोडणारे मानवनिर्मित कालवे यांच्या साखळीतून तो सिद्ध झाला आहे. महासागराच्या लाटा आणि या मार्गाचे शांत पाणी यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी वाळूच्या लांबट बेटांचा बांध असतो. दर वर्षी शरद ऋतूत शेकडो लहान नौका या मार्गाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात आणि वसंत ऋतूत परत फिरतात. त्यांपैकी पुष्कळ नौका शिडाच्या असतात. तीस-चाळीस फूट लांबीच्या अशा नौकेवर बहुधा एकच दांपत्य राहत असते आणि अनेकदा त्यांच्याबरोबर त्यांचे कुत्रेही असते.

हे दृश्य इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे जातात, यात राज्यघटनेचा, श्रमसंबंधांचा किंवा युद्धाचा प्रश्न कोठे येतो, असे कोणी विचारील. परंतु हा मार्ग निसर्गाने आयता दिलेला नाही. तो कोणी कल्पिला, कोणाच्या हातांनी खणला गेला, कोणाच्या पैशाने रुंद झाला आणि ज्यांच्यासाठी तो कधीच आखला नव्हता अशा प्रवाशांच्या वाट्याला तो कसा आला, हे प्रश्न विचारू लागताच अमेरिकेच्या दोन शतकांच्या इतिहासातील काही मुख्य धागे हाती येतात. नौकेवरील कुत्र्याची उपस्थितीही निरर्थक नाही. कुत्र्याला दिवसातून एक-दोनदा जमिनीवर न्यावे लागते. महासागरातील आठवडे-आठवडे चालणाऱ्या प्रवासात ते शक्य नसते. ज्या मार्गावर सामान्य माणसे कुत्र्यासह घर थाटून प्रवास करू शकतात, तो मार्ग रोज संध्याकाळी किनाऱ्यालगत नांगर टाकता येईल अशा टप्प्यांत विभागलेला असला पाहिजे. हे टप्पे कसे निर्माण झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. भूरचना आणि तिच्यातील चार अडथळे

कोकणच्या किनाऱ्याशी परिचित असलेल्या वाचकाला या किनाऱ्याची रचना मुद्दाम समजावून घ्यावी लागेल. कोकणातील खाड्या सह्याद्रीकडून समुद्राकडे, म्हणजे किनाऱ्याला काटकोनात जातात. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जावयाचे तर नाखव्याला मुखातून बाहेर पडून, मधले भूशिर ओलांडून, पुन्हा आत शिरावे लागते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर याच्या उलट स्थिती आहे. तेथे किनारा सपाट असून त्याच्यासमोर वाळूच्या बेटांची रांग आहे. बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पाण्याचा एक उथळ पट्टा किनाऱ्याला समांतर पसरलेला असतो. उत्तर कॅरोलिनातील पॅम्लिको आणि आल्बेमार्ल ही विस्तीर्ण जलाशये याच प्रकारची होत. भारतात याच्याशी तुलना करावयाची तर ती केरळच्या कायलांशी करता येईल.

या आतल्या पाण्याचे महत्त्व बाहेरच्या समुद्राच्या स्वभावामुळे वाढते. उत्तर कॅरोलिनातील हॅटरस भूशिराजवळ गल्फ प्रवाह किनाऱ्याच्या जवळ येतो, उत्तरेचे वारे त्याच्या विरुद्ध वाहू लागले की उंच लाटा उठतात आणि भूशिरापासून दूरवर पसरलेले वाळूचे दांडे जहाजांचा घात करतात. शेकडो जहाजे बुडाल्यामुळे या भागाला ‘अटलांटिकची स्मशानभूमी’ असे नाव पडले. आतून जाणारा मार्ग असावा ही इच्छा म्हणूनच प्रथम व्यापाऱ्यांच्या मनात उत्पन्न झाली.

मात्र आतले पाणी सलग नव्हते. बॉस्टनपासून दक्षिणेकडे येताना चार ठिकाणी जमिनीच्या पट्ट्या आडव्या येत होत्या. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉडची मान, न्यू जर्सीत रॅरिटन व डेलावेअर या नद्यांमधील भूभाग, डेलावेअर नदी व चेसापीक उपसागर यांमधील द्वीपकल्पाची मान आणि चेसापीक व आल्बेमार्ल यांमधील दलदल असे हे चार अडथळे होते.

२. गॅलटिनची योजना आणि घटनात्मक पेच

अर्थमंत्री आल्बर्ट गॅलटिन याने ४ एप्रिल १८०८ रोजी सिनेटला सादर केलेल्या रस्ते व कालवे यांविषयीच्या अहवालात या चार अडथळ्यांचा एकत्रित विचार प्रथमच राष्ट्रीय पातळीवर झाला. चारही ठिकाणच्या कालव्यांची एकूण लांबी शंभर मैलांहून कमी भरेल आणि त्यांना सुमारे ३० लाख डॉलर खर्च येईल, असा त्याचा हिशेब होता. संपूर्ण योजनेसाठी दर वर्षी २० लाख याप्रमाणे दहा वर्षांत २ कोटी डॉलर खर्च करावेत, असे त्याने सुचविले. गॅलटिनच्या युक्तिवादात व्यापार, संरक्षण आणि एकात्मता असे तीन हेतू एकत्र गुंफलेले होते. परस्परांपासून दूर पसरलेली राज्ये दळणवळणाने बांधली गेली नाहीत तर संघराज्य टिकणार नाही, ही जाणीव त्यामागे होती.

योजना तात्काळ अमलात आली नाही. १८०७ च्या व्यापारबंदीने आणि १८१२ मध्ये ब्रिटनशी सुरू झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी केली. शिवाय संघशासनाला राज्यांच्या हद्दीत अशी कामे करण्याचा अधिकार घटनेने दिला आहे काय, हा वाद उभा राहिला. १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन याने अंतर्गत सुधारणांसाठी निधी देणारे विधेयक याच कारणास्तव नाकारले. याचा परिणाम असा झाला की कालव्यांचे काम खाजगी कंपन्यांकडे व राज्यांकडे गेले आणि संघशासन क्वचित त्यांचे भाग विकत घेण्यापुरतेच त्यात सहभागी झाले. चेसापीक–डेलावेअर कालवा १८२९ मध्ये, डेलावेअर–रॅरिटन कालवा १८३४ मध्ये आणि केप कॉड कालवा तर थेट १९१४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. चौथ्या अडथळ्याचे काम मात्र गॅलटिनच्या अहवालापूर्वीच सुरू झाले होते आणि या जलमार्गाच्या इतिहासातील सर्वांत वेदनामय प्रकरण तेच होय.

३. डिस्मल स्वॅम्प कालवा : मातीखालचा श्रम

व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिना यांच्या सीमेवर ग्रेट डिस्मल स्वॅम्प नावाची प्रचंड दलदल आहे. १७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने या दलदलीची पाहणी केली आणि तिचा निचरा करून जमीन व लाकूड यांपासून नफा मिळविण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीत तो भागीदार झाला. दोन राज्यांना जोडणाऱ्या कालव्याला व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८७ मध्ये आणि उत्तर कॅरोलिनाने १७९० मध्ये संमती दिली. १७९३ मध्ये दोन्ही टोकांकडून खोदकाम सुरू झाले. सुमारे २२ मैलांचा हा कालवा १८०५ मध्ये उघडला तेव्हा तो इतका अरुंद व उथळ होता की छपरांसाठी लागणाऱ्या लाकडी फळकुट्या वाहणाऱ्या सपाट तळाच्या होड्यांखेरीज दुसरे काही त्यातून जात नसे. इतर प्रकारची पहिली नोंदलेली नौका १८१४ मध्ये पार झाली.

बावीस मैलांसाठी बारा वर्षे का लागली, याचे उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. यंत्रे नव्हती. कंपनी आसपासच्या मालकांकडून त्यांचे गुलाम वार्षिक भाड्याने घेत असे. भाडे मालकाला मिळे आणि चिखल गुलामाच्या वाट्याला येई. या कामाचे आतून झालेले दर्शन मोझेस ग्रँडी याच्या आत्मनिवेदनात सापडते. ग्रँडी हा उत्तर कॅरोलिनातील कॅम्डेन परगण्यात गुलाम म्हणून जन्मला. त्याचे निवेदन १८४३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. कालवे खणणारे लोक कमरेपर्यंत किंवा त्याहूनही खोल चिखलपाण्यात उभे राहून मुळे तोडीत व गाळ उपसत असत आणि डोके पाण्याबाहेर राहते आहे तोवर त्यांचे काम थांबत नसे, असे तो सांगतो. रात्री दलदलीतच फळकुट्यांच्या झोपड्यांत त्यांचा मुक्काम असे.

ग्रँडी केवळ साक्षीदार नव्हता. तो स्वतः या कालव्यावरील नावाडी होता. १८१२ च्या युद्धात ब्रिटिश आरमाराने चेसापीक उपसागराची नाकेबंदी केली तेव्हा एलिझाबेथ सिटी आणि नॉर्फोक यांच्यामधला माल या आतल्या मार्गाने जाऊ लागला. ग्रँडीने काही होड्या अर्ध्या वाट्याने चालवावयास घेतल्या. अर्धे भाडे होड्यांच्या मालकाला, उरलेल्यातून खलाशांचा खर्च आणि स्वतःच्या वेळेबद्दल धन्याला द्यावयाची रक्कम, असा त्याचा हिशेब असे. शिल्लक साठवून त्याने सहाशे डॉलरना आपले स्वातंत्र्य विकत घेतले, पण धन्याने पैसे स्वीकारून त्याला दुसऱ्याला विकून टाकले. पुन्हा सहाशे डॉलर दिले, तेव्हा दुसऱ्या धन्यानेही दगा दिला. तिसऱ्या वेळी साडेसहाशे डॉलर फेडून तो अखेर मुक्त झाला. एका माणसाने स्वतःसाठी मोजलेली किंमत अशा रीतीने १,८५० डॉलर झाली.

त्याच्या निवेदनातील आणखी एक प्रसंग या निबंधाच्या विषयाशी थेट निगडित आहे. लग्नाला काही महिनेच झाले असताना एके दिवशी विक्रीसाठी नेल्या जाणाऱ्या गुलामांचा तांडा त्याने रस्त्यावर पाहिला आणि त्यात त्याची पत्नी होती. पैशाची गरज पडली म्हणून तिच्या धन्याने तिला विकले होते. त्यानंतर ती त्याला पुन्हा कधी दिसली नाही. पुढे मुक्त झाल्यावर दुसऱ्या पत्नीच्या सुटकेसाठी त्याने तीनशे आणि मुलासाठी साडेचारशे डॉलर मोजले. ज्या पाण्यावर आज दांपत्ये स्वेच्छेने एकत्र राहतात, त्याच पाण्यावर राबणाऱ्या नावाड्याला पतिपत्नीचे सहजीवन कायद्याने मिळत नव्हते आणि रोख पैशाने विकत घ्यावे लागत होते.

या साधनाचे मूल्यमापन करताना सावधगिरी आवश्यक आहे. ग्रँडीचे निवेदन जॉर्ज थॉम्पसन या गुलामगिरीविरोधी वक्त्याने शब्दबद्ध केले आणि गुलामीत राहिलेल्या नातलगांच्या सुटकेसाठी निधी उभारणे हा त्याच्या प्रकाशनाचा उघड हेतू होता. तथापि हेतू उघड असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. भाड्याच्या गुलामांची पद्धत, होड्यांची वाटेकरी आणि युद्धकाळात आतल्या मार्गावर वाढलेली रहदारी या गोष्टी त्या प्रदेशाच्या इतर माहितीशी जुळतात. कंपनीच्या हिशेबात ज्यांची नोंद केवळ भाड्याची रक्कम म्हणून होते, त्यांच्यापैकी एकाचा आवाज ऐकविणारे साधन म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे.

४. दलदलीतील आश्रय आणि माग काढणारी कुत्री

ज्या दलदलीने गुलामांना गाडले, तिनेच काहींना लपविले. पळून गेलेले गुलाम दलदलीच्या आतील कोरड्या उंचवट्यांवर वस्ती करून राहत. काही तेथे वर्षानुवर्षे राहिले. दलदलीत लाकूड तोडणाऱ्या गुलामांशी त्यांचा गुप्त व्यवहार चाले. ते फळकुट्या पाडून देत आणि मोबदल्यात त्यांना अन्न व वस्त्र मिळे. फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड या प्रवासी लेखकाने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेतील प्रवासवर्णनात या व्यवहाराची आणि पळालेल्यांचा माग काढण्यासाठी खास शिकविलेल्या कुत्र्यांची माहिती दिली आहे. त्याच वर्षी हॅरिएट बीचर स्टो हिची या दलदलीची पार्श्वभूमी असलेली ‘ड्रेड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

या वस्त्यांविषयीचा पुरावा दीर्घकाळ केवळ लिखित वृत्तांतांवर आधारलेला होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून डॅनियल सेयर्स या पुरातत्त्वज्ञाने दलदलीच्या अंतर्भागात केलेल्या उत्खननामुळे त्याला भौतिक आधार मिळाला. उंचवट्यांवर घरांच्या खुणा आणि पूर्वीच्या आदिवासींची दगडी हत्यारे पुन्हा वापरल्याच्या खुणा आढळल्या. बाहेरच्या बाजारातून आलेल्या वस्तूंचे प्रमाण अत्यल्प होते, यावरून त्या समाजाच्या अलिप्ततेची कल्पना येते. दलदलीचा मोठा भाग १९७४ पासून राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान म्हणून संरक्षित आहे.

कालव्याच्या काठावर कुत्रा ही गोष्ट अशा प्रकारे दोन भिन्न कालखंडांत दोन भिन्न अर्थ धारण करते. एकोणिसाव्या शतकात तो मालमत्तेच्या हक्काचे हत्यार होता. आज तो नौकेवरील घराचा एक सदस्य आहे. प्राणी बदललेला नाही. बदलला आहे तो त्याच्या मागे उभा असलेला समाज.

५. यंत्र, यादवी आणि पहिले हौशी प्रवासी

१८५९ मध्ये आल्बेमार्ल–चेसापीक हा दुसरा कालवा खुला झाला. तो जुन्या कालव्याच्या पूर्वेस असून त्याचे खोदकाम वाफेवर चालणाऱ्या गाळउपसा यंत्रांनी झाले. जुन्या कालव्यावर अनेक जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या दरवाजांच्या कोठ्या होत्या. नव्यावर ग्रेट ब्रिज येथे एकच जलपाश पुरेसा झाला. साहजिकच व्यापार नव्या कालव्याकडे वळू लागला. लवकरच यादवी युद्ध सुरू झाले आणि दोन्ही कालवे लष्करी लक्ष्य बनले. १९ एप्रिल १८६२ रोजी साउथ मिल्स येथे झालेल्या चकमकीचे कारण जुन्या कालव्याचे जलपाश उडवून देण्याचा उत्तरेच्या सैन्याचा प्रयत्न हेच होते. तो प्रयत्न फसला.

युद्धानंतरच्या काळात या मार्गावर एक नवा प्रवासी दिसू लागतो. त्याच्यापाशी विकण्याजोगा माल नव्हता. नथानिएल बिशप याने १८७४-७५ मध्ये कागदाच्या थरांपासून बनविलेल्या हलक्या नावेतून फ्लोरिडापर्यंत एकट्याने प्रवास केला आणि १८७८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा प्रवास साहस म्हणून गाजला, कारण असा प्रवास हौसेने करण्याची प्रथाच तोवर नव्हती.

दांपत्याच्या नौकाप्रवासाचे एक विलक्षण उदाहरण १८८८ मधील आहे. पुढे एकट्याने जगप्रदक्षिणा करून कीर्ती मिळविणारा जोशुआ स्लोकम याचे जहाज १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. परत जाण्यासाठी त्याने मुलाच्या साहाय्याने पस्तीस फुटांची एक नौका बांधली. तिची शिडे त्याची पत्नी हेटी हिने शिवली. नौका पाण्यात लोटली तो दिवस १३ मे १८८८, म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला तोच होता. म्हणून तिचे नाव ‘लिबर्दादे’, अर्थात स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले. पतिपत्नी आणि दोन मुले असे चौघे जून महिन्यात निघाले आणि २८ ऑक्टोबर रोजी दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यास लागले. पाच हजार मैलांहून अधिक महासागर ओलांडल्यानंतर ब्यूफोर्टपासून नॉर्फोकपर्यंत आणि तेथून वॉशिंग्टनपर्यंतचा टप्पा त्यांनी आतल्या पाण्याने पार केला. स्लोकमच्या वृत्तांतात या टप्प्याचे वर्णन सुखद असे आहे. हेटीने यानंतर पतीबरोबर असा दीर्घ सागरप्रवास पुन्हा केला नाही. गुलामांनी खणलेल्या कालव्यांच्या प्रदेशातून ‘स्वातंत्र्य’ नावाची कौटुंबिक नौका गेली, हा योगायोगच होता. पण दोन कालखंडांची सीमारेषा त्यात दिसते.

१९१२-१३ मध्ये हेन्री प्लमर याने आपला मुलगा व एक मांजर यांच्यासह लहान शिडाच्या नौकेतून मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड ते मायामी असा जाऊन-येऊन प्रवास केला आणि त्याचे रोजनिशीवजा वर्णन स्वतःच छापून काढले. पाळीव प्राण्यासह घरगुती नौकाप्रवासाच्या वाङ्मयाची परंपरा येथे रूढ होऊ लागलेली दिसते.

६. खाजगी कंपनीकडून संघशासनाकडे

प्लमर दक्षिणेकडे निघाला तेव्हा नॉर्फोकच्या दक्षिणेचे दोन्ही कालवे खाजगी कंपन्यांच्या हाती होते आणि तेथे जकात पडे. फ्लोरिडातील स्थितीही तशीच होती. तेथे १८८१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला खोदकामाच्या मोबदल्यात राज्याने सुमारे दहा लाख एकर जमीन दिली. काम १९१२ मध्ये पूर्ण झाले खरे, परंतु कंपनीला जमीन विकण्यात जितका रस होता तितका कालवा राखण्यात नव्हता. जागोजागी पाण्यावर आडव्या साखळ्या बांधून जकात वसूल केली जाई आणि साखळीपलीकडे गाळ साचलेला असे.

१९०७ मध्ये स्थापन झालेल्या अटलांटिक डीपर वॉटरवेज असोसिएशनने संपूर्ण मार्ग शासनाने ताब्यात घ्यावा म्हणून चळवळ चालविली. रेल्वे कंपन्यांच्या भाडेदरांना स्पर्धा निर्माण व्हावी, ही व्यापाऱ्यांची इच्छा त्यामागे होती. शासनाने १९१३ मध्ये आल्बेमार्ल–चेसापीक कालवा पाच लाख डॉलरना विकत घेऊन जकात रद्द केली. शेजारचा मार्ग विनामूल्य झाल्यावर जकातीवर जगणाऱ्या डिस्मल स्वॅम्प कालव्याचा धंदा बसला आणि १९२० नंतरच्या दशकात तोही शासनाकडे आला. चेसापीक–डेलावेअर कालवा १९१९ मध्ये आणि केप कॉड कालवा १९२८ मध्ये शासकीय झाले. फ्लोरिडाने १९२७ मध्ये स्थानिक कर बसविण्याचा अधिकार असलेला एक स्वतंत्र जलमार्ग-जिल्हा निर्माण केला आणि त्याच्यामार्फत कंपनीचा कालवा विकत घेऊन तो संघशासनाच्या स्वाधीन केला. दक्षिण कॅरोलिनातील सोकास्टीजवळचा शेवटचा तुकडा एप्रिल १९३६ मध्ये खुला झाला आणि नॉर्फोकपासून मायामीपर्यंतचा मार्ग सलग झाला. गॅलटिनच्या अहवालानंतर या गोष्टीला १२८ वर्षे लागली. तथापि त्याची योजना पूर्णार्थाने कधीच सिद्ध झाली नाही. न्यू जर्सीतील कालवा याच सुमारास बंद पडला होता, आणि त्या टप्प्यात खोल बुडाच्या नौकांना आजही खुल्या समुद्रातूनच जावे लागते.

१९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यालगत व्यापारी जहाजे बुडविण्यास सुरुवात केली तेव्हा आतल्या मार्गाचे संरक्षणमूल्य पुन्हा सिद्ध झाले. तेल व इतर माल तराफेवजा बार्जेसमधून आतून नेण्यात आला. गॅलटिनने मांडलेल्या तीन हेतूंपैकी संरक्षणाचा हेतू अशा रीतीने दोन भिन्न युद्धांत खरा ठरला.

७. व्यापाराची ओहोटी आणि घरांची भरती

महायुद्धानंतर चित्र पालटले. महामार्ग, मालमोटारी आणि तेलाच्या नळवाहिन्या यांनी बार्जेसचा बराचसा माल पळविला. याच काळात निवृत्तिवेतन, काचतंतूंच्या स्वस्त नौका आणि विश्वसनीय लहान डीझेल यंत्रे यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबांना दीर्घ नौकाप्रवास शक्य झाला. मार्गावरील स्थिर पुलांची उंची सामान्यतः ६५ फूट ठेवलेली आहे. व्यापारी गरजेतून आलेली ही मर्यादाच आता शिडाच्या नौकांच्या डोलकाठीची उंची ठरविते. मार्गदर्शक खुणांवरील पिवळे त्रिकोण आणि चौकोन मूळ माल वाहणाऱ्या नाखव्यांसाठी होते. आज ते पाहत पतिपत्नी आळीपाळीने सुकाणू धरतात. संध्याकाळी नांगर टाकल्यावर लहान होडीतून कुत्र्याला किनाऱ्यावर नेणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग असतो. वाटेवरील गावांनीही हा बदल ओळखला आहे. डिस्मल स्वॅम्प कालव्याच्या दक्षिणेस असलेल्या एलिझाबेथ सिटीमध्ये, जेथून ग्रँडीच्या होड्या माल भरून निघत, तेथे येणाऱ्या नौकांचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत करण्याची प्रथा १९८३ मध्ये दोन रहिवाशांनी सुरू केली.

परंतु येथेच एक गंभीर प्रश्न उद्भवतो. कालव्यातील व खाड्यांतील गाळ सतत काढावा लागतो. त्यासाठीचा संघशासनाचा निधी वाटताना व्यापारी मालाचे टन हा मुख्य निकष मानला जातो. नौकेवरील दांपत्य, त्यांची खरेदी, त्यांच्यामुळे गावांना मिळणारा रोजगार यांना टनांच्या तक्त्यात स्थान नाही. परिणामी व्यापार घटला तशी देखभालही घटली. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सात-आठ फुटांचा फरक पडतो. तेथील काही टप्पे ओहोटीच्या वेळी खोल बुडाच्या नौकांना पार करता येत नाहीत. याउलट फ्लोरिडातील जलमार्ग-जिल्हा स्थानिक कराच्या उत्पन्नातून गाळ काढण्यास हातभार लावतो, त्यामुळे तेथील स्थिती तुलनेने बरी आहे. ऑक्टोबर २०१६ मधील मॅथ्यू चक्रीवादळानंतर डिस्मल स्वॅम्प कालवा झाडे व गाळ यांनी तुंबून वर्षाहून अधिक काळ बंद राहिला, तेव्हा हा जुना दुवा कायमचा तुटतो की काय, अशी शंका अनेकांना वाटली. तो पुन्हा खुला झाला. अमेरिकेतील अखंड वापरात असलेला सर्वांत जुना मानवनिर्मित कालवा म्हणून त्याची गणना होते आणि १९८८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचा समावेश आहे. मालवाहतुकीच्या निकषावर त्याचे समर्थन करणे मात्र आता अशक्यप्राय झाले आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की सार्वजनिक बांधकामाचा उपयोग त्याच्या निर्मात्यांच्या हेतूने कायमचा बांधला जात नाही. फळकुट्यांसाठी खणलेला कालवा युद्धात रसदमार्ग होतो आणि शांततेत निवृत्त दांपत्यांची वाट होतो. दुसरी गोष्ट, उपयोग बदलला तरी मोजमाप जुनेच राहते. टनांची भाषा बोलणारे शासन आपल्याच जलमार्गावरील बहुसंख्य प्रवाशांना पाहू शकत नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची निगा राखली जात नाही. तिसरी गोष्ट या दोहोंहून महत्त्वाची आहे. मोजमापातून वगळले जाणे ही घटना या जलमार्गावर नवी नाही. कालवा खणणाऱ्यांची मोजणीही भाड्याच्या डॉलरांत झाली, माणसांत झाली नाही. आजच्या प्रवाशाचे वगळले जाणे ही गैरसोय आहे, तेव्हाचे वगळले जाणे हा अन्याय होता. या दोहोंतील अंतर अभ्यासकाने कधीही पुसट होऊ देता कामा नये.

या दृष्टीने भारतीय किनाऱ्यांचा अभ्यास करण्यासही मोठा वाव आहे. पूर्व किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याचा मद्रास शहरातील तुकडा १८७७-७८ मध्ये दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांनी खणला. उपाशी माणसाचे श्रम आणि भाड्याने दिलेल्या गुलामाचे श्रम यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा भेद आहे. परंतु दोन्ही ठिकाणी पाणी वाहते राहिले आणि खणणाऱ्यांची नावे हरवली. ग्रँडीसारखे निवेदन तेथील मजुरांपैकी कोणी मागे ठेवले असल्यास ते शोधणे आणि नसल्यास हजेरीपटांतून व लोकस्मृतीतून त्यांचा इतिहास उभा करणे, हे काम तरुण संशोधकांनी हाती घेण्याजोगे आहे.